पद्मीनबाईच्या गिरणीची मोटर

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, ज्या उस्तादानं परभणीत मला वाइंडिंग शिकवलं त्याच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी का बोलतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि ओळखत असाल तर — असू द्या.

पण आधी माझा राग ऐकून घ्या. तो खोटा नाही.

जवळा बाजारला मी मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडं एक पक्कड, एक टेस्टर आणि भाड्याचं शटर होतं. कुणी हात दिला नाही. आज पाण्यातली, गिरणीची, कडबा कुट्टीची, कुठलीही जळालेली मोटर आणा, मी भरून देतो. आणि माणसं कशी असतात, ते मला विचारा. मोटर जळाली की सकाळी सहाला दारात उभी. "मिस्तरी, पाया पडतो, आजच द्या!" मोटर चालू झाली की फोन उचलत नाहीत. बाजारात दिसले तर भाजीच्या पाटीआड तोंड घालतात. एक जण तर म्हणाला, "माझा साडू म्हणून राहिला, एवढ्यात नवी मोटर येती." मग घ्यायची होती ना नवी! मी काय तुझ्या साडूच्या घरचं खातो?

अशा लोकांसाठी मी एक नियम काढला. मीच काढला, हे लक्षात ठेवा. औंढ्यापासून इकडं आम्ही सात-आठ मिस्तरी. आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. ज्यानं बिल बुडवलं त्याचं नाव ग्रुपवर टाकायचं. नाव पडलं की कोणत्याही मिस्तरीनं त्याच्या मोटरला हात लावायचा नाही — बिल चुकतं होईपर्यंत. नियम भारी चालला. दोन-दोन वर्षं थकलेले लोक आठवड्यात पैसे घेऊन आले. मला त्याची लाज नाही. आजही नाही.

लाज वेगळीच आहे. तिकडंच येतो आहे.

शिरड शहापूरला पद्मीनबाईची पिठाची गिरणी होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी बाई. मी काकू म्हणायचो. गिरणी तिनं स्वतःचं सोनं मोडून घातली होती, सासर-माहेरच्या कुणाच्या पैशानं नाही. तिची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळाली आणि माझ्याकडं आली. ठरवाठरवी अर्धा तास चालली. दोघंही हटत नव्हतो. शेवटी साडेआठ हजारावर ठरलं, तांब्याच्या तारेत.

त्या महिन्यात तीन जणांनी मला बुडवलं होतं. तांब्याचा भाव चढलेला. मी काय विचार केला असेल? तुम्ही धंदा करत असाल तर तुम्हाला सांगायला नको. एकाचं नुकसान दुसऱ्याकडून काढायचं. मी मोटर ॲल्युमिनियमच्या स्वस्त, वजनाला हलक्या तारेत भरली. वरून वार्निश पाजून वाळवली की तार सगळी तांबूसच दिसते. कोण बघतं?

पद्मीनबाईनं बघितलं. डोळ्यांनी नाही — काट्यावर. गिरणीवाल्या बाईला सवय असते. जे येईल ते आधी काट्यावर ठेवायचं, जे जाईल तेही. मोटर माझ्याकडं पाठवताना तिनं वजन करून ठेवलं होतं. परत आल्यावर पुन्हा केलं. मी बिल मागायला फोन केला तर म्हणाली, "मिस्तरी, जाताना बासष्ट भरली, येताना साडेअठ्ठावन्न. साडेतीन किलो माल कुठं गेला? अन् मोटर गरम हून राहिली, हात लावू देईना."

मी लगेच उत्तर दिलं. "जळकी तार निघाली, जुना कचरा निघाला, वजन उतरणारच."

"कचरा साडेतीन किलो नसतो," ती म्हणाली. "तांब्याचे पैसे मी न्हाई देत. जे भरलं त्याचे मागा, आत्ता देते."

खरं तर ती बिल बुडवत नव्हती. योग्य तेवढं द्यायला तयार होती. पण माझं डोकं फिरलं. मला वजन शिकवते? मी तिचं नाव ग्रुपवर टाकलं. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून एक ऑडिओ बोललो. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे: "काकू, तुमच्या गिरणीत दळण जातं धा किलो अन् पीठ येतं साडेनऊ. ते अर्धा किलो कुठं जातं ते सांगा आधी, मग माझ्या तारेचं वजन करा!"

सगळे मिस्तरी हसले. कुणीतरी तो ऑडिओ पुढं पाठवला. मग आणखी कुणीतरी. दोन दिवसांत तो शिरड शहापूरच्या घराघरात वाजला. तिच्याच गिरणीत, दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका पोरीच्या फोनवर वाजला, असं मी ऐकलं.

ती पीठ मारत होती का? नव्हती. तिच्याबद्दल असं कधी कुणी बोललं नव्हतं. ती ओळ मला सुचली, टाळीची होती, म्हणून मी बोललो.

दिवाळीच्या तोंडावर तीच मोटर पुन्हा जळाली. डाळीचं पीठ, चकलीची भाजणी — गिरणीच्या वर्षाच्या कमाईचे दिवस. तिनं तीन मिस्तरींना फोन केले. तिघांनीही सांगितलं, आधी जवळ्याचं बिल मिटवा. गिरणी सतरा दिवस बंद होती. अठराव्या दिवशी ती माझ्या दुकानात आली, बिल देऊन गेली, आणि औंढ्याच्या मिस्तरीनं मोटर पुन्हा भरून दिली. त्यानं ती खोलली तेव्हा आत काय निघालं ते त्याला दिसलंच. मला फोन करून हसला. "मी काय बोललो न्हाई बरं का. धंद्याची गोष्ट हाय." गिरणी सुरू झाली, पण दळण आलं नाही. गावातल्या बाया दळण दुसऱ्या गिरणीवर नेऊ लागल्या, काही तर शेजारच्या गावाला. पुढच्या उन्हाळ्यात तिनं गिरणी विकली.

एवढंच असतं तर कदाचित मी बोललोही असतो कुठंतरी, दोन घोट घेतल्यावर, हसत-हसत. पण "बिल देऊन गेली" असं मी मघाशी बोलून पुढं सरकलो. तिथंच परत यायला पाहिजे.

ती आली तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. तिनं साडेआठ हजार टेबलावर ठेवले. घासाघीस नाही, शिवी नाही. मला तेच सोसलं नाही — ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी पैसे खिशात घातले. ती उठली नाही.

"मिस्तरी," ती म्हणाली, "लोकायला नका सांगू. ग्रुपवर नका सांगू. पैसे बी वापस नगं. फक्त मला एकटीला सांगा. तांबं होतं का?"

माझं काय गेलं असतं? पैसे मिळाले होते. ऐकायला कुणी नव्हतं. ती बाहेर जाऊन बोलली असती तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? तेवढी सोय मी आधीच करून ठेवली होती. खरं बोलायला एक रुपया लागत नव्हता.

मी तिच्याकडं सरळ बघून म्हणालो, "तांबंच होतं, काकू."

"बराबर," ती म्हणाली. चप्पल घातली आणि रस्त्याला लागली.

मी फोन काढला. ग्रुपवर लिहिलं — पद्मीनबाई, शिरड शहापूर, बिल आलं, मोटरला हात लावायला हरकत नाही. पिठाबद्दल काही लिहिलं नाही.