नवसाबाईचा उकिरडा

नवसाबाईच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ब्रह्मदेवाच्या बापालाही ती काढता येत नाही. यंदा तिच्या डोक्यात उकिरडा शिरला होता.

झालं असं की, गेल्या साली सरकारी योजनेतून तिला कोंबडीची चाळीस पिल्लं मिळाली आणि त्यांना ऊब द्यायला एक बल्बही. आता हरसूलच्या वरच्या पाड्यावर वीज येते ती पाहुण्यासारखी, चहा घेऊन निघून जाते. ऐन पौषात ती तीन दिवस आलीच नाही. पिल्लं एकमेकांवर चढून गारठून मेली, आणि नवसाबाई नि तिचा नवरा बारकू दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला गेले. यंदा पुन्हा पिल्लं आली तेव्हा तिनं ठरवलं, ही जगवायची आणि घरीच राहायचं.

तिनं अंगणात ताजं शेण, भाताचा पेंढा, पालापाचोळा असे थर रचले, पाणी शिंपडलं. तिसऱ्या दिवशी ढिगात हात ठेववेना. वर पत्रा, पत्र्यावर कोरडा पेंढा, त्यावर बांबूचं डालं पालथं घालून आत चाळीस पिल्लं. बारकू म्हणाला, बायकोनं उकिरड्यावर संसार थाटलाय. शेजारची लंकाबाई नाकाला पदर लावून जायची. पण पंधरा दिवसांत वीज चारदा गेली आणि पिल्लू एकही मेलं नाही. आता बोला!

बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात, इथं पंधरा दिवसांत उघडलं. हे तंत्र बघायला नाशिकचे मोठे साहेब येणार, नवसाबाईचा सत्कार होणार, असा निरोप आला. सत्काराला बरं लुगडं हवं म्हणून ती आदल्या दिवशी पेठला बहिणीकडे मुक्कामी गेली.

इकडे सरपंच दत्तूला घाम फुटला. साहेब येणार आणि अंगणात शेण? त्या शहाण्यानं ट्रॅक्टर लावून उकिरडा ओढ्याकाठी नेऊन टाकला, अंगण सारवून रांगोळी घातली, पिल्लं जुन्या बल्बखाली ठेवली. बारकू बघत उभा राहिला. त्याचा मला फार राग येतो, पण सरपंचापुढे त्याची जीभ कधी उचललीच नाही. वीज रात्रीच गेली.

सकाळी बहिणीचं लुगडं नेसून नवसाबाई अंगणात आली, तर उकिरडा गायब आणि पिल्लं विझलेल्या बल्बखाली गारठून पडलेली. हलतील तेवढी पिल्लं तिनं डाल्यात गोळा केली, ट्रॅक्टरच्या चाकोरीमागं ओढ्यावर धावली, हातानं ढीग उकरला. आत अजून धग होती. तिथंच पेंढा पसरून ती बसली. तिकडे कर्ण्यावर तिच्याच नावाचा पुकारा चालला होता.

दत्तू धापा टाकत आला. साहेब खोळंबलेत म्हणाला.

"त्यांना हिकडं आण. जे बघाया आले ते हितं हाय."

"हितं लय घाण हाय, बाई."

शेवटी तिच्या वतीनं शाल दत्तूनंच घेतली. साहेबांनी रांगोळीची तारीफ केली, इतकं स्वच्छ तंत्र जिल्हाभर न्यायला हवं म्हणाले. टाळ्या ओढ्यापर्यंत ऐकू आल्या. नवसाबाई रडत रडत पिल्लं मोजत होती. अकरा भरली. अकरा पिल्लांवर घर चालत नाही.

दोन दिवसांनी दत्तू शाल घेऊन तिच्या दारी आला. दहा गावच्या बाया तिच्याकडे शिकायला यायच्या होत्या. दाराला कुलूप होतं. लंकाबाईनं सांगितलं, दोघं सकाळच्या जीपनं दिंडोरीला गेली, डालं मांडीवर घेऊन.