नवसाचा बोकड आणि कोंबड्याची पिसं

ती घटना आठवली की आजही मी एकटीच हसत बसते, आणि नातवंडांना वाटतं, आजीचं काहीतरी बिघडलं.

तेव्हा मी नवी फौजदार होते. डोक्यावर टोपी होती, तिच्याखाली फारसं काही नव्हतं. शेलूबाजारकडच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचा नवसाचा बोकड गोठ्यातून नाहीसा झाला. दुपारी मजुरांच्या वस्तीवरच्या एकाने खबर दिली, शेजारच्या ऊसतोड कामगाराच्या घरातून काल मटणाचा वास येत होता. बोकड गेला, वास आला. मी जोड लावली आणि माणूस ठाण्यात आणला.

त्याची टोळी त्याच संध्याकाळी कारखान्याकडे निघणार होती. ट्रक चुकला तर त्याचा सगळा हंगाम बुडणार. बायको भांड्यांचं गाठोडं घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

चौकशीचा माझा एक नियम होता. संशयिताला घाम आला तर तो गुन्हेगार, नाही आला तर सराईत गुन्हेगार.

"काल काय शिजवलं?"

"कोंबडा, मॅडम. घरचाच."

"पुरावा?"

"खाल्ला."

"निघायच्या आदल्या दिवशी कोंबडा कशाला कापला?"

"आमी आता हंगामभर भाईर. त्याले कोन सांभाळन?"

उत्तर मला फारच तयार वाटलं. अडखळला असता तर अडखळला म्हणून धरला असता. शेवटी म्हातारे जमादार म्हणाले, "मॅडम, यानं काय म्हटलं तर तुमी याले सोडाल?"

मी रागारागाने घटनास्थळ पाहायला निघाले.

वस्तीवर दारोदार पिसं पडलेली. निघणाऱ्या प्रत्येक घराने आपापला कोंबडा शिजवला होता. वास सगळ्या वस्तीला येत होता, खबऱ्याचं नाक मात्र एकाच दारात अडलं होतं. त्या घराशी त्याचं नळावरून भांडण होतं.

मग तक्रारदाराच्या घरी मी पहिल्यांदाच साधा प्रश्न विचारला, बोकड शेवटी कोणी पाहिला?

मेथी निवडत बसलेली त्याची आई मान वर न करता म्हणाली, "म्या पाह्यला. जीपमधी बसवतानी. कारंज्याले पोरीकडं धाडला. वाढवला म्या, कापू काहून देऊ?"

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनं? तुमी समदे चोर शोधून राह्यले व्हते."

स्टेशन डायरीत नोंद करून संशयिताला सोडलं. ट्रक चुकू नये म्हणून नवराबायकोला सरकारी जीपमध्ये घालून मी स्वतः हायवेवर गेले. टोळी ट्रकमध्ये चढलेली. जीप पाहताच मुकादम म्हणाला, "काय चोरलं रे?"

"काही नाही. याने काहीच केलेलं नाही," मी सर्वांसमोर सांगितलं.

मुकादम विचारात पडला. "काहीच नाही केलं, तर पोलीस सोडाले काहून येतीन?"

ती बाई गाठोडं वर फेकत म्हणाली, "आमाले सोडाले आले, भाऊ. तुले न्यायले नाही आले, एवढं बरं समज. चाल, सरक."

तो सरकला. पुढे नोकरीत मी बरेच चोर पकडले. तो धंदा सोपा आहे. पकडलेला माणूस निर्दोष आहे हे लोकांच्या गळी उतरवणं अवघड, म्हणून त्यानंतर धरण्याआधीच जरा जास्त विचार करू लागले.