पायाखालची ओल

द्वारका चौकापुढच्या त्या गॅरेजात हनीफ मिस्त्री एकतीस वर्षं होते. राजचे वडील असताना ते आले. वडील गेले, राज मालक झाला. पाना कसा धरायचा हेसुद्धा राजला हनीफनीच शिकवलेलं, आणि बहुधा तेच त्याला सहन होत नव्हतं. गिऱ्हाईक मालकाकडे न बघता आधी विचारायचं, "चाचा कुठंयत?"

नोव्हेंबरात एका सकाळी दिशा गाडी घेऊन आली. तिचा पेठला दातांचा दवाखाना. रोज सावळघाटातून जा-ये.

"काका, दर दोन दिवसांनी कूलंट भरते. जातं कुठं कळत नाही. खाली एक थेंब सांडत नाही."

इंजिन गार झाल्यावर हनीफनी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला. पंपावरचा काटा हळूहळू उतरू लागला. म्हणजे गळती होतीच. त्यांनी पाइप चाचपले, वॉटर पंपाखाली आरसा धरून पाहिलं. सगळं कोरडं ठाक.

"सकाळी काच आतून धुरकट होते?"

"होते. पुसली की चिकट लागते."

ते डाव्या सीटपुढे बसले, पायाखालचं मॅट उचललं आणि गालिच्याखाली हात घातला. ओल होती. बोटाला गोडसर वास.

"डॅशबोर्डमागं हीटरची छोटी जाळी असते, ती फुटलीय. कूलंट आत गळतंय. दोन दिवस लागतील."

"मला बाराला पेशंट आहेत हो!" असं म्हणत दिशा दवाखान्यात फोन करायला बाहेर गेली.

हनीफ राजला म्हणाले, "आजच्यापुरते हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो. हीटर चालणार नाही, पण गाडी तापणार नाही. अर्ध्या तासाचं काम."

"नको. गळती बुजवायची पावडर आहे ना? अबरार, टाक."

"राजशेठ, पावडरनं रेडिएटर चोंदेल. घाटात..."

"तुला विचारलं का मी?"

राजनं त्यांना पहिल्यांदाच अरेतुरे केलं. अबरार नऊ वर्षं हनीफच्या हाताखाली शिकलेला. त्यानं उस्तादांकडे एकदा पाहिलं आणि डबा उपडा केला.

"झालं काम," राजनं दिशाला सांगितलं. "तापमानाचा काटा जरा वर गेला तरी घाबरू नका."

ती घाबरली नाही. काटा चढत गेला तरी घाटात गाडी हाकत राहिली, बॉनेटमधून वाफ उसळेपर्यंत. दुपारी गाडी क्रेनला लटकून परत आली. इंजिनाचं हेड वाकलं होतं, पाणी इंजिनात शिरू न देणारं गॅस्केट जळालं होतं.

"कोणी केलं हे?" दिशा ओरडली.

"मॅडम, म्हाताऱ्याला आता दिसत नाही," राज म्हणाला. "मी नको म्हणत असताना यानं पावडर ओतली. विचारा अबरारला."

हनीफ अबरारकडे बघत राहिले. अबरार चिंधीनं हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"हो," तो म्हणाला. "चाचांनीच टाकली."

नेहमी तो उस्ताद म्हणायचा.

दिशानं हनीफना नको नको ते सुनावलं. पुढचे पाच दिवस त्यांनीच ती गाडी दुरुस्त केली. हेड सपाट करून आणलं, नवं गॅस्केट घातलं, डॅशबोर्ड उतरवून जाळी बदलली, चोंदलेला रेडिएटर काढून नवा बसवला, हवा काढून कूलंट भरलं. गाडी तासभर चालू ठेवली तरी काटा निम्म्यावरून हलला नाही. मग राज जवळ आला.

"उद्यापासून येऊ नको. आणि पाने इथंच ठेव, ते गॅरेजचे आहेत."

त्यातले निम्मे हनीफनी स्वतः घेतलेले होते. ते रिकाम्या हातांनी घरी गेले. बायकोला, गुलजारबीला म्हणाले, "आता जमत नव्हतं." आपल्याला हाकललं हे त्यांनी तिलाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत अबरारचा फोन आला. त्याचा हात चांगला होता, पण गाडीचं दुखणं ओळखणं त्याला कधी जमलंच नाही.

"उस्ताद, एका गाडीचं पाणी कमी होतंय. बाहेर गळती नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय. शेठनं माझ्यावर सोपवलीय."

पाणी इंजिनात जातंय हे हनीफच्या तत्क्षणी ध्यानात आलं.

"थर्मोस्टॅट बदल," ते म्हणाले. "आणि बिनधास्त देऊन टाक गाडी."

चार दिवसांनी अबरार दारात उभा राहिला. गाल सुजलेला. सटाण्याच्या रस्त्याला इंजिन जाम झालं होतं. राजनं त्याला गिऱ्हाइकासमोर थोबाडीत मारून काढून टाकलं होतं.

"उस्ताद, तुमच्याकडून चूक कशी झाली?"

"चूक नाही. गॅस्केट गेलंय हे मला फोनवरच कळलं होतं."

आतून गुलजारबी अबरारसाठी पाण्याचा पेला घेऊन आली. हनीफनी तो तिच्या हातातून घेतला, स्वतः सावकाश रिकामा केला आणि दार लावून घेतलं.