वेदीची कापडं

चर्चमधल्या वेदीची कापडं शिवणं, धुणं आणि बदलणं हे शिवणवाल्या मावशींचं सव्वीस वर्षांचं काम. नाताळाआधीच्या आगमनकाळाला जांभळं, नाताळला पांढरं, ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की पुन्हा जांभळं. घरातही प्रत्येक उपवास, प्रत्येक प्रार्थना त्या काटेकोर पाळत. लेक काही सांगायला आली की म्हणत, "थांब गं, आधी हे उरकू दे."

लेक लग्न होऊन दूर गेली. यंदा मावशींनी तिला नाताळला बोलावलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, आपल्या घरी सगळे सण झाले, पण तू कधी माझ्या वाट्याला आली नाहीस. मी नाही येत."

मावशींनी कापडांच्या कपाटाची किल्ली फादरांपुढे ठेवली. "माझ्याच्यानं आता सगळं होत नाही."

फादर सहज म्हणाले, "सगळं करा असं कुणी म्हटलं होतं? रविवारी एक मेणबत्ती लावून घटकाभर शांत बसलात, तरी पुरे."

"मग हे इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"



त्या रविवारी संध्याकाळी मावशींनी एकच मेणबत्ती लावली आणि घटकाभर खरंच शांत बसल्या. हे इतकं सोपं होतं, याचाच त्यांना राग आला.