रामाकोन्याची प्रत

नोकरीतल्या बऱ्याच घटना विसरलो, पण मध्य प्रदेशातल्या सौंसरची ही एक घटना आजही आठवते. तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

दुपारी फोन आला : ऑटोने स्कूटीवरच्या बाईंना उडवले. सांगणाऱ्याने नाव सांगितले नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा जमावाने ऑटोचालकाला पकडून मारले होते. जखमी बाई नर्स होत्या. त्यांना बेशुद्धावस्थेत नागपूरला हलवले. पाहणारे बरेच होते, पण सगळे धडकेनंतर जमलेले.

ठाण्यात मी चालकाला तीच गोष्ट उलटसुलट विचारली. खोटे बोलणारा दर वेळी गोष्टीत काहीतरी भर घालतो, असा माझा अनुभव. याच्या जबाबात भर पडेना.

"मी तं त्यायले उचलाले थांबलो, साहेब. पिकअपवाला धडक देऊन पयून गेला." मग मधेच विचारायचा, "बाई शुद्धीवर आल्या का?" माझी सुटका कधी, हे त्याने एकदाही विचारले नाही.

घटनास्थळासमोर एका निवृत्त शिक्षिकेचे घर होते. फाटकावर कॅमेरा होता आणि त्याचे चित्रण घरातल्या कपाटातल्या संगणकात साठत असे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही गेलो, तर सकाळीच वीज जास्त दाबाने येऊन तो जळाला होता. आतल्या दोन्ही डिस्क गेल्या होत्या. मी तिथेच खुर्चीत बसलो.

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "साहेब, चहा घ्या. एका डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे मी एकच समजते. तिसरी रामाकोन्याले माझ्या भावाच्या घरी आहे. रोज रात्री सगळं आपोआप तिकडं जाते."

पूर्वी एकच डिस्क होती. ती बिघडली आणि दिवंगत यजमानांचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून त्यांनी ही व्यवस्था केली होती. फोटो, कागदपत्रे, कॅमेऱ्याचे चित्रण असे वेगवेगळे फोल्डर, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी.

आम्ही तडक रामाकोन्याला गेलो. भावाने त्या तारखेचा फोल्डर उघडला. संत्र्यांच्या क्रेटने भरलेली पिकअप स्कूटीला मागून धडकली आणि न थांबता निघून गेली. मग ऑटो आला, थांबला. चालक धावत गेला आणि त्याने बाईंचे डोके मांडीवर घेतले. माझा हवालदार हळूच म्हणाला, "खरं बोलून राहिला होता, साहेब."

पंचांसमक्ष प्रत जप्त करून सील केली. नंबरवरून पिकअपवाला सापडला. ठाण्यात फोन करणाराही तोच निघाला; मागे थांबलेला ऑटो आरशात पाहून त्याने आळ त्याच्यावर ढकलला होता. नर्सबाई पुढे बऱ्या झाल्या.

चालकाला सोडताना मी विचारले, "एवढा मार खाल्लास. पुन्हा कोणी पडलेलं दिसलं तर थांबशील?"

"थांबाच लागते, साहेब. बाई जित्ती होती ना."

मला त्या तपासाबद्दल शाबासकी मिळाली. पण पुरावा शोधण्याआधी तो कोणीतरी जपलेला असावा लागतो, हे मी तिथे शिकलो. आपल्या माणसाचे फोटो गमावलेल्या एका बाईने लावून घेतलेल्या सवयीने अनोळखी माणसाची अब्रू वाचली. त्यांचे आभार मी तेव्हा सरकारी पत्राने मानले होते. आज साध्या शब्दांत मानतो : बाई, तुमच्यामुळे माझ्या हातून एका भल्या माणसावर अन्याय झाला नाही.