मिलिमीटरसाहेबांची बिनफटीची जमीन

दारा-खिडक्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं. तपासनीस होते. चौकटीत केसाएवढी फट दिसली की लाल फुली मारून माल परत. कामगार तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की मिलिमीटर.

निवृत्तीनंतर फुल्या मारायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीत लॅमिनेटची जमीन स्वतःच्या हातानं बसवायचं मनावर घेतलं.

"मिस्त्री बोलवा की," बायको म्हणाली.

"मिस्त्री? जन्मभर मिस्त्र्यांच्याच चुका काढल्यात मी!"

सकाळी पट्ट्यांची खोकी आली, दुपारी साहेब कामाला लागले. पट्ट्या आधी दोन दिवस खोलीत नुसत्या पडू द्याव्यात, असं खोक्यावर छापलेलं होतं. साहेबांच्या मते ते नवशिक्यांसाठी. खाली फोमचा एक थर घालायचा होता. त्यांनी दोन घातले. चौथ्या दिवशी जमीन अशी चापून बसली, की भिंतीपाशी नखसुद्धा शिरेना. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवली.

पंधरा दिवसांत जमीन बोलायला लागली. सोफ्यापाशी कर्र, स्वयंपाकघराच्या दाराशी कटक.

"नवीन आहे, बसतेय अजून," साहेब म्हणाले.

महिना झाला. "अजून उभीच आहे वाटतं," बायको म्हणाली.

साहेबांनी सांध्यांत टाल्कम पावडर भरली. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा करकर, शिवाय घरभर पांढरी पावलं. मग त्यांनी माणसांना दोष द्यायला सुरुवात केली. "तू टाच आधी टेकवतेस," असं बायकोला सुनावलं. मेहुणा चहाला आला, तर त्याला न वाजणाऱ्या पट्ट्या बोटानं दाखवून दिल्या. बिचारा ओढा ओलांडावा तशा उड्या मारत सोफ्यापर्यंत पोचला.

उकाडा वाढला आणि खोलीच्या मधोमध जमिनीला चक्क पोक आलं. मग मात्र बायकोनं कुणाला न विचारता मिस्त्री बोलावला.

मिस्त्रीनं दारातच हात जोडले. "ओळखलंत का साहेब? कारखान्यात एका दिवसात माझ्या सतरा चौकटी परत पाठवल्या होत्यात."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं साहेबांना झालं. पण ही धरणी त्यांनीच घट्ट बसवलेली होती.

मिस्त्रीनं भिंतीकडेची पट्टी उचकटली आणि वाकून पाहिलं. "फट कुठाय?"

"फट नाहीच!" साहेबांची छाती जरा फुगली.

"तेच तर दुखणं आहे. उष्म्यानं, दमटपणानं पट्टी फुगते. भिंतीपाशी आठ-दहा मिलिमीटर मोकळे नसले, तर जायचं कुठं तिनं? एकमेकींना रेटतात आणि ओरडतात. त्यात खाली दोन थर. पाय पडला की जमीन गादीसारखी दबते, सांधे घासतात."

"आणि दाराजवळची कटकट?"

"तिथं खालचा कोबा खोलगट आहे. भरून सपाट करावा लागेल."

सगळी जमीन उचलली. मिस्त्रीनं खोलगट भाग भरला, तो सुकू दिला, फोमचा एक थर काढून टाकला. भिंतीकडेनं फटीची रेघ आखायला मात्र त्यानं पेन्सिल साहेबांच्या हातात दिली. मुद्दाम फट ठेवायची! साहेबांनी कशीबशी रेघ ओढली.

"अजून दोन मिलिमीटर, साहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाला.

साहेबांनी मुकाट्यानं ती पुसली आणि पुन्हा ओढली.

जमीन परत बसली ती चिडीचूप. दुसऱ्याच दिवशी साहेब खिडकीशी उभे राहून मेहुण्याला फोनवर सांगत होते, "करकरीचं कारण मी आधीच ओळखलं होतं रे. मिस्त्रीला फक्त सूचना दिल्या."

"सूचना दिल्यात होय?"

साहेब दचकून वळले. बायको हातभर अंतरावर उभी होती, हाताची घडी घालून.

"अगं, जरा वाजत तरी येत जा!" साहेब ओरडले.