विरूनं जनरेटर बंद केला

फोन आला तेव्हा मी मोंढ्यात सोयाबीनच्या सौद्यात होतो. "भाऊजी, ह्यांना मारलं ओ..." एवढंच महादेवी, विरूची बायको, बोलू शकली. मी पोचलो तर विरूपाक्ष स्वतःच्याच डीजेच्या ट्रकशेजारी पालथा पडलेला. डोकं फुटलेलं, जबडा एका अंगाला सरकलेला. स्पीकरचे बॉक्स ज्यावर चढवतात त्या स्टँडचे लोखंडी पाइप उपसून त्या पाइपांनीच त्याला ठेचला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'दुर्दैवी निधन'. मी तो पेपर टराटरा फाडला. महिना उलटला, पण राग तसूभरही उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

विरू जळकोटचा. घरात कानडी, बाहेर मराठी. पुण्यातल्या एका क्लबात त्यानं बरीच वर्षं गाणी वाजवली आणि आमच्या कळंबात राहायला आला तो सोल आणि फंकच्या तबकड्यांनी भरलेल्या पेट्या घेऊन. काळ्या अमेरिकन लोकांचं हे जुनं, नाचायचं संगीत. कळंबात ते कोण ऐकणार, असं मी त्याला चिडवायचो. पोटासाठी त्यानं लग्ना-मिरवणुकीचा डीजे काढला आणि जिवासाठी माझं धान्याचं गोदाम मागितलं. तिथं नाच रविवारी दुपारी, कारण दिवसाउजेडी पोरींनाही घरून निघता येतं. जाहिरात नाही, फोनवर निरोप नाही, एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं. धान्याची जागा म्हणून चपला बाहेर. तुरीच्या दाण्यांवरून अनवाणी पाय घसरायचे आणि बेस वाजला की पत्र्यावरचा भुसा आमच्या डोक्यावर पडायचा.

"ऐक," तो म्हणायचा, "हलगीवाला मधीच थांबतो ना, तितंच पाय उचलतो. ह्या लोकान्ला बी ते कळलंय." त्याच्यामुळं मलाही ती थांबायची जागा ऐकू यायला लागली. आज लातूर-बार्शीकडं जी पोरं अशा बंद दाराआडच्या दुपारी भरवतात, ती सगळी आमच्या भुशात नाचून गेलेली आहेत. गावातल्या दोन वैरी गल्ल्यांची पोरं यायची. बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिथं घामाघूम होऊन एकाच माठातलं पाणी प्यायची.

हे काहींना खुपलं. एका रविवारी टोळकं आत घुसलं, पोरी नाचवतो म्हणून. तबकड्या पायाखाली फोडल्या, विरूचा उजवा हात दारात धरून दार आपटलं. दोन बोटं कायमची वाकडी झाली. पुढच्या रविवारी तो डाव्या हातानं वाजवत होता. मी म्हटलं, "येडा झालास का रं?" तर म्हणाला, "व्हय. तुला आज कळलं?"

शेवटच्या मिरवणुकीत त्याचं भाडं एका गल्लीनं ठरवलं होतं. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबवायचा आणि तिथल्या लोकांना शिवी बसेल असं गाणं मोठ्यानं लावायचं, ही आमच्याकडची नवी मर्दुमकी. दरवर्षी त्यावरून डोकी फुटतात. विरूनं नाही म्हटलं. भाडं ठरवणाऱ्यांनीच ट्रकवर चढून त्याची गचांडी धरली, तेव्हा त्यानं सरळ जनरेटर बंद केला. त्या शांततेतच त्याला खाली ओढला. पहिला पाइप घातला तो दत्तूनं. हाच दत्तू माझ्या गोदामात नाचायला शिकला होता.

हे मला कुजबुजीतून कळलं. रस्ताभर माणसं होती, पण ठाण्यात एकानंही तोंड उघडलं नाही. ज्यांनी फोनवर चित्रण केलं त्यांनी ते पुसून टाकलं. साक्षीदार नसेल तर दत्तू सुटणार, असं वकिलानं महादेवीला स्पष्ट सांगितलं. मी घरोघर गेलो, हात जोडले, शिव्याही घातल्या. जो तो म्हणे, "आमी तितं नव्हतोच."

गेल्या रविवारी महादेवीनं गोदाम उघडायला लावलं. गोदाम उघडलं तर पेटवू, असा निरोप मला आला होता. तरी माणसं आली. तिनं तबकडी लावली, पण पाय कुणाचा हलेना. तेवढ्यात दारात रेश्मा दिसली, दत्तूची सख्खी बहीण, सरकारी दवाखान्यातली नर्स. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला हाकलायला मी निघालोच होतो, पण महादेवीनं सुई उचलली.

"तुज्या भावानं मारलं, तू न्हाय. आत ये."

रेश्मा आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "वैनी, मी मिरवणुकीत बायकांत उभी होते. दत्तूनं पाइप घातलेला म्या डोळ्यानं बघितलाय. उद्या ठाण्यात सांगनार हाय. घरातून मला भायेर काडलंय."

तिच्या ओठातून रक्त येत होतं. कुणी मारलं ते विचारायची गरज नव्हती. महादेवीनं तिला हाताला धरून विरूच्या खुर्चीवर बसवलं, पदर ओला करून तोंड पुसलं आणि सुई परत तबकडीवर ठेवली. मग मी दाराला आतून कडी घातली आणि हातात वजनकाट्याचा लोखंडी गज घेऊन तिथंच बसलो... सकाळी आम्ही सगळे तिच्याबरोबर ठाण्यात गेलो.